गणती

बारा दिवसांची गणती लागली तेव्हा साहेब म्हणाले,
वाघचौरे, पेटीत जे असेल तेच लिहायचं.

असेल ते म्हणजे
रास्ता पेठेत, केईएमच्या मागच्या भिंतीवर,
सत्तावीस नंबरची पेटी.
सोमवारी बँकेचा एक फॉर्म, सही राहिलेला.
मंगळवारी बसचं तिकीट, चिंगम,
आणि कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट,
पाकीट नाही, पत्ता नाही, हिमोग्लोबिन सात.
तो घेऊन अर्धा तास हॉस्पिटलच्या खिडकीशी उभा राहिलो.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.

याच पेटीत राखीपौर्णिमेच्या आधी
कोपरापर्यंत हात घालावा लागायचा.
पाकिटांतून अक्षता सांडायच्या,
पोत्याला मुंग्या लागायच्या.

आता सरासरी दहाच्या खाली गेली की पेटी जाते,
पेटी गेली की फेरी जाते,
फेरी गेली की माणूस.
हे कुणी लिहून दिलेलं नाही.
लिहून द्यायला टपाल लागतं.

बुधवारी गिरमे बाईंच्या खिडकीतून पन्नास कार्डं घेतली.
पंचवीस रुपये.
सुट्टे द्या म्हणाल्या. कशाला, ते विचारलं नाही.

रात्री काही सुचेना.
पहिल्या कार्डावर विजेचं बिल उतरवलं,
मागील रीडिंग, चालू रीडिंग,
आणि ग्राहक क्रमांकाखाली हात आपोआप वळला:
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

बदलीवर फिरताना पत्ते पाठ झालेले.
बारोटशेठ, गादी कारखाना:
तुमच्या मुलीचं इंदूरचं पत्र माझ्या हातून भिजलं होतं,
वाळवून दिलं, सांगितलं नाही.
डिसूझा, तिसरा मजला:
तुमच्या जागी आता अकरा मजले आहेत,
तिसरा कुठून मोजू?
शकुंतला ओव्हाळ, नर्सेस क्वार्टर:
तुम्ही रोज विचारायचात, आमचं काही?
आज आहे.

रात्री टाकायची, सकाळी मीच काढायची,
मोजायची, लिहायची. पाच. चार. सहा.
त्या पेठेत वाटप मुनाफ तांबोळीचं.
दोन दिवसांनी कार्डं माझ्याकडेच परत, त्याच्या ताठ अक्षरात:
मयत.
सोडून गेले.
अशी इमारत नाही.
चहाला समोर बसला तरी गुडघ्याबद्दलच बोलला.

अकराव्या दिवशी सात टाकलेली.
निघाली आठ.
पुन्हा मोजली. आठ.
आठवं माझ्या नावाचं, रा. रा. लावून,
आणि अक्षर तेच, मयत लिहिणारं:

अक्षर सुधार. ओव्हाळमधला ओ वाचता येत नाही.
आणि बाई आहेत. हडपसरला, मुलाकडे.
डोळ्यांनी दिसत नाही आता.
ड्यूटी सुटल्यावर कार्ड नेऊन दिलं.
माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं,
मग म्हणाल्या, अजून काही?

मी रजिस्टरात आठ लिहिले.
असेल तेच.

सरासरी पाच पूर्णांक काहीतरी आली.
मार्चअखेर वेल्डर आला,
पेटीच्या तोंडावर पत्रा मारून गेला.
'पुढील उचल' खालचा तीनचा आकडा
कुणी काढला नाही, तो अजून तीनच वाजवतोय.
किल्ली जमा केली, पावती घेतली.
मुनाफला दुसऱ्या ऑफिसला पाठवलं,
त्याची पेठ तिघांत वाटली.
मी पार्सलच्या गोदामात, हातात स्कॅनर.
वाचतो तो. मी नुसता खोका धरतो.

नऊ कार्डं उरली आहेत.
एकावर पत्ता घातलाय, ओ चांगला गोल काढून,
खाली पिनकोड, चार एक एक शून्य दोन आठ.
टाकायला निघालो, आणि कोपऱ्यावर थांबलो.
जवळची पेटी कुठली,
हे लोक मला विचारायचे.